पंचावन्न लिटर

शहरात राहणाऱ्या माणसाला दिवसाला किती पाणी लागतं, याचा हिशेब सरकारी कागदांत फार पूर्वीच होऊन बसला आहे. आयएस ११७२ या भारतीय मानकात तो १३५ लिटर धरला आहे आणि त्याची फोडही दिली आहे: पिण्याला ५, स्वयंपाकाला ५, भांड्यांना १०, घर धुण्यापुसण्याला १०, कपड्यांना २०, संडासात ओतायला ३० आणि आंघोळीला ५५. पुढे २०१९ मध्ये जल जीवन मिशन आलं. खेड्यातल्या माणसाला दिवसाकाठी किमान जे पाणी द्यायचं त्यात ठरलं, तेही ५५ लिटरच. पिणं, रांधणं, भांडी, धुणं, आंघोळ, संडास, सगळं त्यात. म्हणजे जळगाव शहरातल्या माणसाने कागदोपत्री जेवढ्या पाण्यात अंग धुवायचं, तेवढ्यात पारोळा किंवा शिंदखेडा तालुक्यातल्या खेडुताने अख्खा दिवस काढायचा. दोन आकडे सारखे निघाले हा योगायोग. कुणी ठरवून केलेलं नाही. पण बोलका आहे. आणखी एक आकडा शेजारी ठेवावा. २०१८ च्या फेब्रुवारीपासून केपटाऊनच्या महापालिकेने माणशी रोज ५० लिटरची मर्यादा घातली, तेव्हा ती जगभर संकटाची बातमी झाली. श्रीमंत शहरातले लोक पायाखाली बादली ठेवून दोन मिनिटांत शॉवर उरकायला शिकले. त्यांच्या संकटाहून पाच लिटर वर आपल्या योजनेचं उद्दिष्ट आहे. आंघोळीविषयी आपण बोलतो तेव्हा हे आकडे सहसा येत नाहीत. कोण किती वेळा आंघोळ करतो यावरून आपण लोकांचे संस्कार जोखतो, देशांची संस्कृती जोखतो, फार झालं तर हवेला दोष देतो. माझ्या मते क्रम उलटा आहे. माणूस कशी, किती आणि केव्हा आंघोळ करतो हे मुख्यतः ठरतं ते पाणी त्याच्या घरात कुठून, कसं आणि कुणाच्या कष्टाने येतं यावर. हवामान आणि धर्म मागून येतात आणि जे ठरलेलंच आहे त्याला कारणं पुरवतात.

हवामानाचं उत्तर सगळ्यांत सोपं, म्हणून तेच आधी तपासावं. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तिथला माणूस रोज अंगावर पाणी घेतो यात नवल ते काय, असं वाटतं. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. वर्षाच्या दोन टोकांत चाळीस अंशांचं अंतर, आणि सकाळची आंघोळ दोन्हीकडे ठरलेली. बदलतं ते पाणी. पौषात बंब पेटतो किंवा बादलीत हीटरची कांडी सोडली जाते. वैशाखात गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी इतकं तापतं की बादली भरून निवायला ठेवावी लागते. शिवाय खानदेशची उष्णता कोरडी. घाम आला की वाळतो, म्हणूनच पाण्यावर चालणारे कूलर इथे घरोघरी आहेत आणि मुंबईत तेच कूलर खोलीचं डबकं करतात. खानदेशी अंगावर उरतं ते मीठ आणि धूळ. कोकणात घाम वाळतच नाही. तो चिकटतो, आंबतो. नुसत्या हवेनेच ठरणार असतं तर रत्नागिरीच्या माणसाने दिवसातून तीनदा न्हायला हवं आणि धुळ्याच्या माणसाने ओल्या पंचाने अंग पुसून भागवायला हवं. मराठीतली सर्वांत प्रसिद्ध आंघोळ ‘श्यामची आई’मध्ये आहे. साने गुरुजींनी अमळनेरच्या शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं, पण १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी जे बालपण लिहिलं ते कोकणातल्या पालगडचं. खेळून आलेल्या मुलाची आंघोळ झाल्यावर ओल्या पायांना माती लागू नये म्हणून आई आपलं लुगडं पसरते. वाचकाला पायांवरून मनाकडे जाणारा तिचा उपदेश आठवतो. मला तो प्रसंग संध्याकाळचा आहे याचं अधिक कौतुक वाटतं. सकाळी एकदा न्हालेल्या मुलाला संध्याकाळी पुन्हा न्हाऊ घालायला घरात माया तर लागतेच, पाणीही लागतं. अमळनेरला बोरी नदी पावसाळा संपता संपता आटते. तिथल्या आईने तो लाड कसा केला असता?

जगाकडे पाहिलं तरी हवामानाचा धागा मध्येच तुटतो. फिनलंडमध्ये बर्फ पडतं आणि साडेपंचावन्न लाख वस्तीच्या त्या देशात सुमारे तीस लाख सौना आहेत. ब्राझीलमध्ये लोक दिवसातून दोनदा अंग धुतात, आणि दक्षिण ब्राझीलच्या थंडीतही ते सोडत नाहीत. सगळ्यांत चांगला पुरावा मात्र इंग्लंडचा, कारण तिथे हवा तीच राहिली आणि सवय पालटली. १८४६ मध्ये ब्रिटिश संसदेने सार्वजनिक न्हाणीघरं आणि धुणीघरं बांधायचा कायदा केला, कारण गिरणीकामगारांच्या खोल्यांत अंग धुवायला जागाच नव्हती. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९५१ च्या जनगणनेतसुद्धा, ब्रिटनमधल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांच्या घरात बसवलेला टब नव्हता. आठवड्यातून एकदा, शनिवारी, चुलीपुढे पत्र्याचा टब मांडून घरातल्यांनी पाळीपाळीने न्हायचं, ही तिथल्या कामकऱ्यांची रीत होती. त्यांचीच नातवंडं आज रोज शॉवर घेतात. लंडनचा पाऊस बदलला नाही, इंग्रजांचा धर्मही बदलला नाही. घरात पाइप आला, पाणी तापवायचं यंत्र आलं, आणि दोन पिढ्यांत रोजची आंघोळ ‘स्वाभाविक’ वाटू लागली.

इथे कुणी म्हणेल, कल्पनांचं काय? सोळाव्या-सतराव्या शतकातल्या युरोपात पाण्याला तोटा नव्हता. पॅरिसच्या पोटातून सेन वाहत होती. तरीही तिथले वैद्य सांगत की ऊन पाण्याने कातडीची रंध्रं उघडतात आणि रोग आत शिरतो. सरदार-दरकदार अंग न धुता तागाचे सदरे बदलत आणि पांढरीशुभ्र कॉलर हीच स्वच्छतेची खूण मानत. हा आक्षेप खरा आहे आणि तो माझ्या म्हणण्याला मर्यादा घालतो. नदी उशाशी असूनही एखादी समजूत माणसाला पाण्यापासून लांब ठेवू शकते. पण ती उलट दिशेने तितकं काम करत नाही. ‘रोज न्हावं’ ही समजूत कितीही पक्की असली तरी पाणी मैलभर लांब असेल तर ती पाळणारे मोजकेच असतात, आणि ते बहुधा दुसऱ्याच्या डोक्यावरच्या हंड्यातून पाळतात. नदीकाठच्या गावात घाटावर जाऊन नित्यस्नान करणाऱ्याचा नळ म्हणजे ती नदीच. वाड्यात न्हाणाऱ्याचा नळ म्हणजे त्याचा गडी.

याची मोजणी आफ्रिकेत झाली आहे. गिल्बर्ट व्हाइट, डेव्हिड ब्रॅडली आणि अॅन व्हाइट यांनी पूर्व आफ्रिकेतल्या घरांत कोण किती पाणी वापरतं याचा अभ्यास करून १९७२ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. घरात नळ असलेली माणसं नळ नसलेल्यांच्या कितीतरी पट पाणी वापरत होती. त्यात आश्चर्य नाही. खरी गंमत पुढे आहे. पाणी बाहेरून आणायचंच असेल, तर पाणवठा दहा मिनिटांवर आहे की वीस मिनिटांवर, याने वापरात फारसा फरक पडत नाही, असं या आणि पुढच्या अभ्यासांत दिसलं. उंबरठ्यावर एक मोठी पायरी आहे: पाणी आवारात आलं की वापर एकदम वाढतो, तोवर तो खालीच रेंगाळतो. आणि खाली रेंगाळताना पिणं-रांधणं कुणी कमी करत नाही. कात्री लागते ती आंघोळीला आणि धुण्याला. हे सूत्र खानदेशला लावायचं तर त्यात एक भर घालावी लागेल. इथल्या शहरांत पाइप दारात आला आहे. पाणी मात्र रोज येत नाही. धुळे शहराने आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी नळ सुटण्याचे उन्हाळे पाहिले आहेत. तापी, नकाणे तलाव, डेडरगाव तलाव अशी नावं वर्तमानपत्रात पाणीसाठ्याच्या टक्क्यांसह छापून येतात आणि लोक ती शेअर बाजाराचे भाव पाहावेत तशी पाहतात. अशा शहरात लांबी मिनिटांत मोजून भागत नाही, दिवसांत मोजावी लागते. नळ सुटलेल्या दिवशी ड्रम, टिपं, हंडे, कळशा, शेवटी पातेली भरली जातात. त्या दिवशी चादरी निघतात, बायकांची डोक्यावरून आंघोळ त्याच दिवशी. पुढे ड्रममधली पातळी जसजशी उतरते तसतशी बादली आधी पाऊण आणि मग अर्धी होते. आठवड्याच्या शेवटी तांब्याचे आवाज कमी झालेले असतात. घर तेच, माणसं तीच, तापमान तेच. सात दिवसांत आंघोळीच्या तीन तऱ्हा.

आता त्या बादलीविषयी, कारण तिच्यावर अन्याय झाला आहे. बादली-तांब्याची आंघोळ म्हणजे शॉवर परवडत नाही तोवरची तडजोड, असं सुशिक्षित घरांत सर्रास मानलं जातं. मला ती तयार झालेली, विचारपूर्वक घडलेली कारागिरी वाटते. पंधरा ते वीस लिटरची बादली. पहिले दोन तांबे पायांवर आणि हातांवर, अंगाला पाण्याची सवय व्हावी म्हणून; मग खांद्यावरून दोन, तेवढ्यात सगळं अंग भिजतं. पाणी थांबतं. साबण लागतो, टाचांवर वजरी फिरते, पाठ कुणाकडून तरी चोळून घ्यायची असेल तर ती आत्ताच. या सगळ्या वेळात एक थेंबही खर्च होत नाही. उरलेल्या दहा-बारा तांब्यांत फेस उतरवायचा, आणि शेवटचा तांब्या राखून ठेवायचा, तो पाय धुवून बाहेर पडायला. अमेरिकेत १९९२ च्या कायद्याने शॉवरच्या तोटीला मिनिटाला अडीच गॅलनची, म्हणजे साडेनऊ लिटरची कमाल मर्यादा घातली. त्याआधी त्याहूनही जास्त वाहत असे. काटकसरी तोटी धरली तरी आठ मिनिटांत पंचाहत्तर लिटर जातात. बादलीच्या चार पट. यावर शॉवरवाल्यांचं उत्तर तयार असतं: साबण लावताना तोटी बंद केली तर शॉवरही बादलीइतक्याच पाण्यात होतो. होतो, हे मान्य. पण शॉवरखाली उभ्या माणसाला किती गेलं हे दिसत नाही आणि किती उरलं हे तर कळूच शकत नाही. बादलीचा तळ दिसतो. इथे संयम स्वभावात नसला तरी चालतो, तो भांड्यातच आहे. पांझरेच्या काठी ही गोष्ट नवी नाही. तिथल्या फड पद्धतीत शेकडो वर्षं बंधाऱ्याचं पाणी पाळीने आणि मापाने वाटलं गेलं. पाटकऱ्याने दार उघडायचं, ठरलेल्या वाफ्यांना द्यायचं, बंद करायचं. कुणाच्या चांगुलपणावर ते सोडलं नव्हतं.

आणि बादलीला घर साथ देतं. मोरीची फरशी उताराची, कोपऱ्यात जाळी, कडेला चार बोटांचा उंबरा. पाणी कुठेही उडालं तरी वाट ठरलेली. खेड्यात ती वाट परसातल्या केळीच्या आळ्यात किंवा शोषखड्ड्यात संपते. अमेरिकेत गेलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच आठवड्यात जी अडचण येते ती तिथल्या थंडीची नसून तिथल्या बाथरूमची असते. टबाबाहेरच्या फरशीला जाळीच नाही, तिथे पाणी सांडलं तर खालच्या मजल्याच्या छतातून उतरणार. मग टबाच्या आत प्लास्टिकची बादली आणि मग उभी राहते, आणि टबात पाय दुमडून बसून आंघोळ होते. मुलं तिथेच वाढली की सरळ शॉवर घेतात. त्यांनी संस्कृती सोडली असं म्हणण्यात अर्थ नाही, त्यांना फरशी वेगळी मिळाली. आपल्याला पाश्चात्त्यांचं टबात बसणं किळसवाणं वाटतं, अंगाच्या मळातच भिजणं वाटतं. जपानी माणूसही टबात बसतो, पण बाहेर स्टुलावर बसून आधी साबणाने स्वच्छ धुऊन मगच. एकाच कढत पाण्यात घरातले सगळे पाळीपाळीने बसतात आणि कुणाला ते उष्टं वाटत नाही. बाबर फरगाण्याहून आला. आपल्या आठवणींत त्याने हिंदुस्थानात हमाम नाहीत अशी तक्रार नोंदवली. गंगा-यमुनेत रोज बुडी मारणाऱ्यांच्या देशाविषयीची ही तक्रार आहे. त्याला वाफेने भरलेली इमारत हवी होती, ती दिसली नाही.

धर्माचा आक्षेप यापेक्षा जड आहे आणि तो घाईत झटकता येणार नाही. आपल्याकडे स्नान हे मळ काढण्यासाठी नसतंच, ते शुद्धीसाठी असतं, असं सांगितलं जाईल. सुतक फिटताना, स्मशानातून परतल्यावर, ग्रहण सुटल्यावर, नरकचतुर्दशीला उटणं लावून. कार्तिकात आणि माघात तर नदीवरच. तापीवरचं प्रकाशे दक्षिण काशी म्हणवतं. चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवाच्या उष्ण झऱ्याखाली लोक पिढ्यान्‌पिढ्या उभे राहत आले. यातलं काहीच घाणीच्या हिशेबाने समजत नाही, हे खरं. पण याच धर्मशास्त्राने पाणी नसलेल्याची सोयही करून ठेवली आहे. पाण्याने न्हाणं हे वारुण स्नान. त्याखेरीज अंगाला भस्म लावण्याचं आग्नेय, गाईंच्या खुरांची धूळ अंगावर घेण्याचं वायव्य, ऊन असताना पडणाऱ्या पावसाचं दिव्य, मंत्र म्हणत अंगावर थेंब शिंपडण्याचं ब्राह्म आणि नुसत्या चिंतनाचं मानस, अशी स्नानं सांगितली आहेत. इस्लाममध्येही पाणी मिळत नसेल तर स्वच्छ मातीवर हात टेकवून तयम्मुम करण्याची मुभा आहे. ज्यांनी हे नियम केले ते पाण्याचे दुष्काळ ओळखणारे लोक होते. शास्त्र आधी आणि पाणी मागून, अशी रचना असती तर या पळवाटांची गरज पडली नसती. मी त्यांना पळवाटा म्हणतो खरा. शहाणपण म्हटलं तरी चालेल. रोज अंगावरून पंधरा लिटर गेल्याशिवाय माणूस शुद्ध होत नाही हा कडवेपणा नळ आल्यानंतरचा असावा, असा माझा संशय आहे.

धर्माची दुसरी बाजू जास्त अवघड आहे. शुद्धीचा आग्रह धरणाऱ्या समाजानेच काही माणसांना पाण्यापाशी येऊ दिलं नाही, आणि मग ती माणसं अस्वच्छ आहेत असंही म्हटलं. जोतीराव फुल्यांनी १८६८ मध्ये पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला, ही बातमी व्हावी अशी परिस्थिती होती. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळात सी. के. बोल्यांचा, म्हणजे सीताराम केशव बोले यांचा, ठराव मंजूर झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. तरीही २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांना हजारो माणसं घेऊन जावं लागलं. त्या तळ्यात जनावरं पाणी पीत, त्याला कुणाची हरकत नव्हती. नंतर सनातन्यांनी ते तळं शुद्ध करून घेतलं. ज्या विहिरीवर जायला बंदी, तिच्या पाण्याने न्हायला मिळालं नाही म्हणून एखाद्या वस्तीला मळकट ठरवायचं, हा न्याय फक्त गेल्या शतकापुरता होता असंही नाही. सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा पाड्यांविषयी, ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांविषयी, बांधकामावरच्या मजुरांविषयी आजही ज्या सहजतेने ‘हे लोक आंघोळ करत नाहीत’ म्हटलं जातं, त्यात बोलणारा आधी हे विचारत नाही की त्यांच्या तळावर पाण्याचा टँकर कितव्या दिवशी येतो. आंघोळीच्या संख्येवरून माणसाची पारख करणं हे त्याच्या घराच्या नळावरून त्याची पारख करणं आहे.

आरोग्याचं काय, हा आक्षेप डॉक्टरांच्या नावाने घेतला जातो. डॉक्टर स्वतः तो तितक्या जोराने घेत नाहीत. कातडी किंचित आम्ल असते आणि साबण अल्कली. रोज नखशिखांत साबण चोळल्याने कोरडी पडणारी त्वचा त्वचारोगतज्ज्ञांकडे नेहमीच येते, आणि खानदेशच्या हिवाळ्यात तर टाचा-ओठ फुटलेले सगळेच दिसतात. काखा, जांघा, पाय रोज धुतले आणि बाकी अंगावरून पाणी गेलं तरी पुष्कळ झालं. जीव वाचवणारं धुणं वेगळंच आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइसने डॉक्टरांना क्लोरीनच्या द्रावणात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या डॉक्टरांच्या आंघोळीविषयी त्याला काही म्हणायचं नव्हतं. खुपरीसारखा डोळे घालवणारा रोग मुलांचे चेहरे धुतल्याने आवरतो. हातांना आणि चेहऱ्याला तांब्याभर पाणी पुरतं. मात्र हाच मुद्दा ओढून ‘मग गरिबांना आंघोळीला पाणी कशाला’ इथवर नेणारे भेटतात, त्यांना आडवं जायला हवं. घाम, धूळ, कापसाची बोंडं वेचून चिरलेले हात, वीटभट्टीची राख, यानंतरची आंघोळ ही औषध नसली तरी तिच्यावाचून माणसाला माणसांत बसवत नाही. ती गरज वैद्यकीय नाही म्हणून लहान होत नाही.

शेतीकडे बोट दाखवून कुणी विचारेल की बादली मोजून काय साधणार. हा प्रश्न जळगावात विचारला जाणं स्वाभाविक आहे. ऐन उन्हाळ्यात ठिबकवरच्या केळीच्या एका झाडाला दिवसाला साधारण पंधरा-वीस लिटर पाणी लागतं, म्हणजे एका माणसाची एक आंघोळ. दीड बाय दीड मीटरवर लागवड केली तर हेक्टरात चार हजार चारशेवर झाडं बसतात. रावेर-यावलच्या पट्ट्यातली एक हेक्टर बाग रोज एका मोठ्या गावाच्या बादल्या पिते, आणि तेही ठिबक असताना. पाटाने दिलं तर विचारायलाच नको. तेव्हा माणसांनी शॉवर सोडले म्हणून सातपुड्याच्या पायथ्याची भूजलपातळी वर येणार नाही, ही गोष्ट आकड्यांतच स्पष्ट आहे. जो कुणी दोन तांबे वाचवा म्हणून शाळांत भिंती रंगवतो त्याने हा हिशेबही रंगवावा. पण माझं म्हणणं पाणी वाचवण्याविषयी नव्हतंच. केळीला जाणारं पाणी आणि मोरीत येणारं पाणी यांचं मोल सारखं नसतं: दुसरं धरणातून उचललेलं, गाळलेलं, क्लोरीन घातलेलं, विजेने टाकीत चढवलेलं आणि शेवटच्या टप्प्यावर बहुतेक वेळा एखाद्या बाईने उचललेलं असतं.

त्या बाईपाशी हा विषय खरं तर सुरू व्हायला हवा. २०११ च्या जनगणनेने घरोघर विचारलं होतं की आवारात न्हाणीघर आहे का, की छप्पर नसलेला नुसता आडोसा आहे, की दोन्ही नाही. ग्रामीण भारतातल्या निम्म्याहून अधिक कुटुंबांचं उत्तर होतं, दोन्ही नाही. पुरुषाला त्याने फारसं अडत नाही. तो हापशापाशी, विहिरीच्या थारोळ्यावर, दारात चड्डीवर उभा राहून आंघोळ करतो. बाई दोन खाटा उभ्या करून त्यांवर लुगडं टाकते किंवा उजाडायच्या आत उरकते, बहुधा नेसत्या साडीनिशीच. अशा आंघोळीत अंग भिजतं, धुतलं जात नाही. पाळीच्या दिवसांत काय होत असेल ते सांगायला नको. तिने हवेला, धर्माला किंवा डॉक्टरांना विचारून ही वेळ निवडलेली नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत स्वच्छ भारत अभियानात अनुदानातून संडास बांधले गेले आणि जल जीवनात नळ दारात आले. न्हाणीघर कुठल्याच मोठ्या योजनेचं मुख्य शीर्षक झालं नाही. खानदेशातल्या अनेक घरांत बायकांनी यावर आपल्यापुरता तोडगा काढलाय: अनुदानातल्या संडासात दार लावून, भांड्यावर फळी टाकून त्या आंघोळ करतात. पाहणीला येणारा अधिकारी याची नोंद ‘शौचालयाचा गैरवापर’ अशी करू शकतो. संडासालगत आणखी तीन भिंती, उताराची फरशी आणि केळीच्या आळ्याकडे जाणारा पाइप इतकंच त्या जागी हवं आहे, आणि ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी वेगळा रकाना.